भुताचे भाडे

भुताला घर लागते. आणि ते शक्यतो दुसऱ्याचे लागते! पडका वाडा, वाटेवरची धर्मशाळा, आडबाजूचा बंगला, दारूचा गुत्ता — जिथे माणसे येतात, रात्रभर टेकतात आणि सकाळी निघून जातात, तिथेच भुतांचा मुक्काम कायमचा असतो. पाहुणा एका रात्रीचा आणि भूत मात्र त्या घराचे जुने कूळ, असा हा उलटा व्यवहार आहे.

आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे तर गुत्त्याचा आणि भुताचा फारच घरोबा. माडीचे दोन पेले अधिक झाले, की काही गृहस्थांना घरची वाट सापडत नाही. मग पहाटे दारात उभे राहून ते बायकोला सांगतात, ‘चकवो लागलो!’ या चकव्याने आजवर किती संसार सावरले असतील, कोण जाणे!

पण अलीकडे भुतांना बरे दिवस आले आहेत. ज्यांच्यापासून माणसे पळत होती, त्यांनाच पाहायला ती आता पैसे मोजून जातात. इंग्लंडातली कितीतरी जुनी मद्यगृहे आपल्याकडे भूत असल्याचे अभिमानाने सांगतात. आमचा सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. घरोघर न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या. पुढे २०१६ साली दूरचित्रवाणीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, आणि जिथे तिचे चित्रीकरण झाले तो आकेरीचा वाडा पाहायला गाड्या भरभरून माणसे येऊ लागली. कोकणात लोक समुद्र पाहायला येत, मासे खायला येत; आता ते भ्यायलाही येऊ लागले.

यात वाईट काय आहे? मला विचाराल, तर काही नाही. आजीच्या मांडीवर डोके ठेवून भुताची गोष्ट ऐकण्यात जे सुख आहे, तेच हे सुख. भीती समोर असते आणि पाठीशी आधार असतो. सोलकढी पिऊन झाल्यावर मिणमिणत्या उजेडात अंग शहारले, तर कुणाचे काय बिघडते? आकेरीच्या मालिकेतली माणसे लेखकाने निर्माण केलेली. त्यांचे मरण कुणाच्या घरात घडलेले नाही. त्या भुतांना कितीही वेळा नाचवा, कुणाच्याही डोळ्यांत पाणी येणार नाही.

प्रश्न उभा राहतो तो खऱ्या मरणाचा.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. वडिलोपार्जित घराच्या दोन खोल्या तो पाहुण्यांना देतो. घरामागे एक विहीर आहे. फार वर्षांपूर्वी तिच्यात एका सासुरवाशिणीने जीव दिला आणि तेव्हापासून ‘ती’ तिथे दिसते, असे गाव म्हणते. मुंबईच्या एका हितचिंतकाने त्याला सल्ला दिला, की ही गोष्ट छापून टाक, खोल्या वर्षभर रिकाम्या राहणार नाहीत. तो मला विचारायला आला, ‘सर, बावीकडे पाटी लावू काय?’

भूत आहे की नाही, हे त्याने विचारले नव्हते. तसे विचारले असते, तर उत्तर सोपे होते. त्याचा प्रश्न धंद्याचा होता, आणि धंद्याच्या प्रश्नांत नीती फार लवकर लपते.

आपल्याकडची भुते जरा ओळीने उभी करून पाहा. बाळंतपणात मेलेली स्त्री अळवंतीण होते. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. पाण्यापाशी गिऱ्हा असतो. ही भुतांची यादी आहे, की एखाद्या गावाच्या अकाली मरणांचे दप्तर? जिथे सुईण वेळेवर पोहोचली नाही, वैद्य मिळाला नाही, होडी परतली नाही, तिथे तिथे एक भूत उभे राहिले आहे.

आपल्या वाडवडिलांना हे कुठेतरी उमगले असावे. पितृपक्षात अपघाताने वा शस्त्राने मेलेल्यांसाठी चतुर्दशीचा दिवस त्यांनी वेगळा राखला. आमच्याकडे सीमेवरच्या देवचाराला विडी आणि दारूचा घोट देतात. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. अदृश्याशी असलेला हा हिशेब आहे: तू राखण कर, तुझे देणे आम्ही देतो.

पण या जुन्या रीतीचे मी गोडवे गाणार नाही. भुताच्या नावाखाली जिवंत माणसांना, त्यातही बायकांना, आपण किती झोडपले आहे! भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारहाण करणे हा गुन्हा आहे, हे सांगायला २०१३ साली राज्याला कायदा करावा लागला. आणि त्या विहिरीचेच पाहा ना. ती सासुरवाशीण विहिरीपर्यंत कशी पोहोचली, हे गावाने विचारले का? विचारले असते, तर उत्तर कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन थांबले असते. त्यापेक्षा तिला भूत करणे सोयीचे होते. जी जन्मभर भीत राहिली, तिचेच मेल्यावर लोकांना भय वाटू लागले! अन्याय करणारे घर सुटले आणि बदनाम झाली ती विहीर. मला वाटते, पुष्कळ भुतांचा जन्म असाच झाला असेल: आपण आपली शरम मेलेल्याच्या अंगावर पांघरतो आणि तिला भुताची सावली म्हणतो.

लंडनमध्ये ‘ग्रेनेडियर’ नावाचे एक मद्यगृह आहे. पत्त्यांत लबाडी केली म्हणून तिथे एका तरुण शिपायाला सोबत्यांनी मरेस्तोवर मारले, अशी दंतकथा आहे. त्याचे भूत तिथे वावरते म्हणतात. पण मला नवल वाटते ते तिथल्या पाहुण्यांचे. त्या शिपायाचे कर्ज फिटावे म्हणून ते छताला नोटा चिकटवून जातात. मौजच आहे ती. पण त्या मौजेतही माणसाला आठवण राहिली आहे, की भुताचे काही देणे लागते. गोष्ट ऐकली आणि उठून चालते झाले, असे नव्हे. जाताना भाडे ठेवावे लागते.

मी त्या मुलाला सांगितले, ‘पाटी लाव. पण भुताची नको. पाहुण्यांनी विचारले, तर एक मुलगी इथे का मेली, ते सांग. तिच्या किंकाळ्या ऐकू येतात, असे सांगू नकोस. जिवंतपणी तिचे कुणी ऐकले नाही, असे सांग.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पण सर, असा केलंय तर ऱ्हवाक कोण येतलो?’

या प्रश्नावर माझ्याजवळ गोड उत्तर नाही. सणासुदीला दोन खोल्या रिकाम्या राहणे ही त्याच्या घरात लहान गोष्ट नव्हे. शहाणपणाचा सल्ला देणाऱ्या मास्तराचा पगार ठरल्या तारखेला येतो! तरीही मला वाटते, की मेलेल्याची अब्रू राखायची, तर जिवंताला थोडी झीज सोसावीच लागते. फुकट राखता येते ती अब्रू नव्हे, तो केवळ शिष्टाचार.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो. अपमृत्यू टळावा, ही त्यामागची प्रार्थना. आपल्या घरचा अपमृत्यू टळावा, एवढेच बहुधा आपल्या मनात असते. पण दिव्याला कुठे आपले-परके कळते? त्याचा उजेड उंबऱ्याबाहेर पडतो, अंगण ओलांडतो, कदाचित एखाद्या विहिरीच्या काठापर्यंतही जातो. यंदा तो दिवा लावताना, ज्यांचा अपमृत्यू आपण टाळला नाही, त्यांचीही क्षणभर आठवण करावी. त्यांची भीती वाटायची मग बहुधा थांबेल.