स्वमग्न मूल : विकार कीं वेगळेपण ?

गेल्या महिन्यांत आमच्या मंडळींतील एक भगिनी उपासनेनंतर मजजवळ आली व म्हणाली, "पाळकसाहेब, डॉक्टर म्हणतात हा विकार आहे. मुंबईची माझी भाची म्हणते, हा रोग नव्हे, त्याची घडणच वेगळी आहे. मीं कोणाचें खरें मानावें ?" तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो बोलत नाहीं. मंदिराबाहेर लोकांनीं काढलेल्या वहाणा तो मापाप्रमाणें एका रेषेंत लावतो, आणि ढोलकी वाजूं लागली कीं कान झांकून किंचाळतो. त्या दिवशीं मला उत्तर सुचलें नाहीं.

ह्या अवस्थेस आपल्या भाषेंत स्वमग्नता म्हणतात. नांव मला फारसें बरें वाटत नाहीं. मूल आपल्याच सुखांत बुडालें आहे असें त्यावरून वाटतें, आणि पुष्कळदां तें सुखांत नसून आपल्या गोंगाटाच्या भयानें दडलेलें असतें.

इ. स. १९४३ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं डॉ. लिओ कॅनर ह्यांनीं अशा ११ मुलांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. पुढें कित्येक वर्षें विद्वान लोकांनीं ह्याचा दोष मातांवर लादला. आईच्या थंड अंतःकरणामुळें मूल असें होतें, असें ब्रूनो बेटलहाइम ह्यांनीं १९६७ मध्यें मोठा ग्रंथ लिहून सांगितलें. जन्मांधास पाहून, पाप कोणाचें, ह्याचें कीं आईबापांचें, असें शिष्यांनीं विचारलें होतें. तोच प्रश्न शास्त्राच्या वेषांत परत आला, एवढेंच. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून १९७७ मध्यें ह्याचें मूळ बहुतांशीं जन्मतःच असतें असें दिसून आलें. तरी आपल्या गांवांत सुनेला अजून हाच दोष दिला जातो, हें आपण सर्वजण जाणतों.

त्या ११ मुलांतील पहिला डोनाल्ड ट्रिपलेट हा मिसिसिपी प्रांतांतील फॉरेस्ट गांवचा. तो तीन वर्षांचा असतां, १९३७ मध्यें, वैद्यांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका संस्थेंत ठेवलें. तेथें तो अधिकच मूक व निश्चल झाला. सुमारें वर्षानें आईबापांनीं त्याला परत आणलें व पुढें कांहीं वर्षें एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलें. त्यांनीं काय केलें तें ऐका. मुलाला मापण्याचा नाद होता, म्हणून त्यांनीं त्याला विहीर खणावयास लावून तिची खोली सांगावयास सांगितलें. तो मेलेले पक्षी व किडे गोळा करी, तर त्यांना पुरण्यासाठीं त्याला एक जागा दिली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हां मोजी, तेव्हां त्याच्या हातीं नांगर देऊन, नांगरतां नांगरतां मोज, असें म्हटलें. १९४५ मध्यें कॅनर स्वतः तेथें गेले, तेव्हां हा मुलगा घोडा व नांगर उत्तम हांकीत होता. पुढें तो पदवीधर झाला, बँकेंत नोकरी करूं लागला, आणि २०२३ मध्यें ८९ व्या वर्षीं वारला. त्याची घडण मात्र अखेरपर्यंत तीच राहिली.

येथें एक गोष्ट लपवूं नये. डोनाल्डचा बाप वकील होता, व आईच्या माहेरचा त्या बँकेशीं संबंध होता. आपल्या भगिनीपाशीं दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. त्याच ११ मुलांपैकीं जीं मोठ्या सरकारी संस्थांत गेलीं, त्यांचें तेथें कसें मातेरें झालें, तें कॅनर ह्यांनींच १९७१ मध्यें लिहून ठेविलें आहे.

१९९३ पासून स्वतः स्वमग्न असलेले लोक लेखणी उचलून सांगूं लागले कीं, आमच्यासाठीं शोक करूं नका, आम्ही निराळ्या घडणीचीं माणसें आहों. त्यांचें म्हणणें मला पुष्कळ अंशीं पटतें. पण ज्या मुलाला फेपरें येतें, जें रात्र रात्र झोंपत नाहीं, भिंतीवर डोकें आपटतें, त्याच्या आईला, हें केवळ वेगळेपण आहे, असें सांगणें म्हणजे तिला एकटी टाकणें होय. शिवाय कायद्याचा प्रश्न आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यांत स्वमग्नतेचें नांवच नव्हतें; २०१६ च्या कायद्यांत २१ प्रकारच्या अपंगत्वांत तें आलें. विकार हा शब्द कागदावर नसेल, तर दाखला मिळत नाहीं, आणि दाखल्यावांचून सवलतही नाहीं.

म्हणून तो शब्द कचेरींत घ्यावा, असें माझें मत आहे. मात्र मुलगा शाळेंत किंवा मंदिरांत येतांच तोच शब्द त्याला बाहेर बसविण्याचें निमित्त होतो. तेथें भाचीचें म्हणणें खरें. हें मीं मोठ्या ज्ञानानें लिहीत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं नाताळच्या उपासनेंत तो मुलगा किंचाळला, तेव्हां, बाई, त्याला घेऊन ओट्यावर बसा, असें मींच तिला सांगितलें होतें. ती बसली, आणि तेव्हांपासून दर रविवारीं तेथेंच बसत असे. ढोलकी थोडी हळू वाजवावी, हें मला सुचलें नाहीं.

तिला मीं हेंच सर्व सांगितलें व क्षमाही मागितली. आतां पहिलीं दोन गीतें ढोलकीवांचून होतात. तरुण मंडळी थोडी कुरकुरते. मुलगा दाराशीं आंतल्या बाजूस बसतो, आणि गीतांचीं पुस्तकें वांटण्यापूर्वीं तो तीं आकाराप्रमाणें लावून देतो. येत्या बुधवारीं दाखल्यासाठीं जिल्ह्याच्या दवाखान्यांत जावयाचें आहे. बरोबर मी जाणार आहे, कारण तेथील ओळ लांब असते व त्याला गर्दी सोसत नाहीं.