अडलेला सहप्रवासी : साह्य आणि विवेक

आपण परदेशात आहोत, तेथील साध्या बसने प्रवास करीत आहोत, आणि शेजारचा प्रवासी वाटेत अडकून पडला, तर त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय? हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. दया करावी, असे उत्तर कोणीही देईल. परंतु ती कोणत्या रीतीने करावी, कोठवर करावी आणि तीत विवेकाचे स्थान काय, हे विचारू लागले म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानी येते. अटन करणाऱ्या साधकास आणि यात्रेस निघणाऱ्या वासनिकास हा विचार सारखाच उपयोगाचा असल्यामुळे येथे तो थोडक्यात मांडीत आहोत.

उदाहरणासाठी नेपाळ घेऊ. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ येथे महाराष्ट्रातून पुष्कळ यात्रेकरू जातात. भारतीयास तेथे व्हिसा लागत नाही, भाषेची लिपीही देवनागरीच. त्यामुळे हा परदेश आहे याचा विसर पडतो, आणि तो विसरच पुष्कळदा अडचणीचे मूळ ठरतो. नेपाळचे घड्याळ आपल्याहून १५ मिनिटे पुढे असते. स्वतःच्या घड्याळावर विसंबलेल्याची बस सुटते. तेथील रुपया निराळा. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांस १६० नेपाळी रुपये असा दर आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली, तेव्हापासून काही वर्षे तर खिशात पैसे असूनही निर्धन होण्याचा प्रसंग यात्रेकरूवर येण्याजोगा होता.

मुगलिंग येथे नारायणगढहून येणारा रस्ता पृथ्वी महामार्गास मिळतो. तेथून एक वाट पूर्वेस काठमांडूकडे व दुसरी पश्चिमेस पोखऱ्याकडे जाते. समजा, जेवणासाठी उतरलेला एक वृद्ध यात्रेकरू घाईने भलत्याच बसमध्ये चढला. त्याची मंडळी, सामान व पैसे पहिल्या बसने पुढे गेले. आपल्या शेजारी बसल्यावर त्याला हे कळले. आता आपण काय करावे?

येथे कोणी शंका घेईल की, हा मनुष्य खरा कशावरून? संकटाचे सोंग घेऊन फसविणारे जगात थोडे नाहीत. शिवाय आपणही तेथे परके. आपली बस चुकली तर आपले कोण? ही शंका निराधार नाही. अपात्री केलेले साह्य दुर्जनाचे बळ वाढविते, हेही खरे.

याचे समाधान असे. साह्य कोणत्या प्रकारे करावे हे संशयाने अवश्य ठरवावे; साह्य करावे की नाही हे मात्र त्याला ठरवू देऊ नये. रोख रक्कम देण्यास मन कचरत असेल तर भाडे परस्पर सहचालकाच्या हाती द्यावे. भुकेल्यास अन्न द्यावे. त्याच्या मंडळींस दूरध्वनी लावून द्यावा. जे करावयाचे ते चार जणांदेखत करावे. खऱ्या संकटग्रस्तास यात काहीच उणे पडत नाही आणि सोंगाड्याच्या हाती काही लागत नाही. मात्र कोणाचे बंद गाठोडे सीमेपलीकडे नेण्याचे कदापि स्वीकारू नये. तेथे नकार देणे ही निर्दयता नव्हे.

संशयाची दुसरीही बाजू आहे. अडलेल्याने आपल्यावर संशय घेतला तर? भारत-नेपाळ सीमेवर स्त्रियांना फसवून नेण्याचा दुष्ट व्यापार जुना आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेली माइती नेपाळ ही संस्था त्याविरुद्ध झटत आली आहे. अशा वाटेवर एकटी स्त्री अनोळखी पुरुषाचे साह्य नाकारते, तेव्हा ती शहाणपणानेच वागत असते. आपला हेतू शुद्ध असताना हा संशय जिव्हारी लागतो. कारण साह्याबरोबर आपल्याला मानही हवा असतो. त्या वेळी बाजूस व्हावे, एखाद्या कुटुंबातील वयस्क बाईस तिच्याशी बोलावयास सांगावे, आणि आपला अपमान झाला असे मानू नये. दया आणि दयेचा अभिमान यांतील अंतर येथेच कळते.

आता कोठवर करावे? ज्याला धरले त्याला अर्ध्या वाटेत सोडू नये, हा नियम. याचा अर्थ आपला प्रवास टाकून त्याच्यामागे जावे असा नव्हे. आपल्यासोबत आजारी माणूस किंवा लेकरू असेल तर ते कर्तव्य आधीचे. परंतु जाण्यापूर्वी त्याला विश्वासाच्या हाती द्यावे : पोलीस चौकीत, बसच्या तिकीटघरात, अथवा काठमांडूत भारतीय दूतावासात. “कोणीतरी पाहील” असे म्हणून निघून जाणे हे त्यागणेच होय. कारण प्रत्येकजण तसेच म्हणतो.

ज्याच्यापाशी द्रव्य नाही त्या साधकाने काय द्यावे? परदेशात अडलेल्यास पैशाहून वेळ अधिक हवा असतो. त्याच्यासाठी चार वेळा विचारपूस करणे, बसचा क्रमांक कागदावर लिहून देणे, योग्य थांब्यावर उतरविणे आणि तो भ्यायला असता जवळ बसून राहणे, या गोष्टींना द्रव्य लागत नाही.

आपले नाते काय, असे कोणी विचारील. २३ ऑगस्ट २०२४ रोजी जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची बस नेपाळमध्ये तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीकाठी कोसळली. २७ जण मृत्यू पावले. जखमींना वर काढण्यास उतरलेल्या नेपाळी जवानांचे त्यांच्याशी काय नाते होते? जो जवळ आहे त्याचे कर्तव्य. हे नाते जन्माने नव्हे, सान्निध्याने येते.

साह्य झाल्यावर नाव, पत्ता किंवा परतफेड मागू नये, आणि कोणी आपण होऊन परत केले तर संकोचून नाकारूही नये. घेतल्याने त्याचे ओझे उतरते. आपले अटन तरी अनोळखी दारांतील भिक्षेवरच चालते. ज्यांनी आपणास घातले त्यांना आपण ते परत करू शकत नाही. वाटेवर पुढे जो भेटतो त्यालाच ते द्यावयाचे असते. सूज्ञांस अधिक सांगणे न लगे.

दंडवत प्रणाम.