पाहणाऱ्याचे ऋण

सुंदर वस्तू पाहणारा त्या वस्तूचे काही देणे लागतो काय? सौंदर्यशास्त्राने हा प्रश्न बहुधा नीतिशास्त्राकडे सोपवला आणि नीतिशास्त्राने तो किरकोळ मानून बाजूला ठेवला. कांटने १७९० च्या ग्रंथात राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. अशा वाड्यापायी रयतेचा घाम वाया गेला, अशी तक्रार कोणी रूसोच्या थाटात केली तर कांट ती खुशाल मान्य करतो. पण प्रश्न तो नव्हताच, असेही म्हणतो. वाडा सुंदर आहे की नाही, एवढेच विचारले होते. आस्वादकाने वस्तूच्या अस्तित्वाविषयी उदासीन असले पाहिजे, ही त्यामागची भूमिका. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तून (१९७४) ती मराठी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची झाली. वर्गात ती निर्विवाद वाटते. जबलपुरास, नर्मदेच्या काठी, ती तितकी सोपी राहत नाही.

जबलपूरहून भेडाघाटास जाताना वाटेत तेवर लागते. हीच कलचुरींची त्रिपुरी. आपल्या पूर्वजाला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवणारा राजशेखर येथील युवराजदेवाच्या दरबारी नाटके लिहीत होता. पुढे भेडाघाटच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार, आभाळाला उघडे मंदिर आहे. दहाव्या शतकातील त्या मूर्ती आज बहुतेक भग्न आहेत, तरी पुष्कळींच्या आसनावर त्या त्या योगिनीचे नाव कोरलेले दिसते. वा. वि. मिराशींसारख्या विद्वानाने कलचुरींच्या लेखांवर आयुष्याची कित्येक वर्षे घालवली; १९५५ साली त्यांचा कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला. या मूर्तींपुढे कांटचा पाहुणा निश्चिंत उभा राहू शकतो. ज्यांचा घाम गाळला गेला ते हजार वर्षांपूर्वीच गेले.

नदीची गोष्ट निराळी. संगमरवरी कड्यांमधून नाव चालली आहे, नावाडी यमके जुळवीत गमतीदार वर्णन करतो आहे, धुवांधारचे तुषार अंगावर येत आहेत. या सुखात खोटे काहीच नाही. परंतु हे पाणी आता वरच्या अंगाला १९९० मध्ये पूर्ण झालेल्या बरगी धरणातून सुटून येते. त्या धरणाच्या जलाशयाने दीडशेहून अधिक गावे बाधित झाली. विस्थापितांपैकी कित्येक जण जबलपुरातच येऊन सायकलरिक्षा ओढू लागले. नदी पाहावयास आलेल्या पाहुण्याला घाटाच्या वाटेवर ओढून नेणारा माणूस त्याच नदीच्या काठचा असू शकत होता. पाहुण्याने हे जाणल्याने धुवांधार कमी सुंदर ठरत नाही, आणि तसा आग्रह धरणे हा भाबडेपणा होईल. निर्णयापुरता कांट बरोबरच आहे. पण माणूस निर्णय देऊन तेथेच संपत नाही.

जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) यांचे उदाहरण येथे महत्त्वाचे वाटते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले वेगड १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदेच्या काठाने चालू लागले. पुण्यासाठी नव्हे, सौंदर्यासाठी. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे मराठी वाचकाला परिक्रमेचे नियम ठाऊक आहेत: नदी उजव्या हाताला ठेवावी, ती ओलांडू नये, मिळेल त्या शिध्यावर राहावे. वेगडांनी परिक्रमा सलग केली नाही, टप्प्याटप्प्याने केली. परंतु काठच्या माणसांच्या ओसरीवर मुक्काम आणि त्यांच्या घरचे अन्न, हे त्यांनाही चुकले नाही. त्यांचा पहिला टप्पा जबलपूर ते मंडला असा होता. काही वर्षांतच त्या काठाचा मोठा भाग बरगीच्या पाण्याखाली गेला.

येथे ‘अस्तित्वाविषयी उदासीनता’ हे शब्द जड होतात. जो काठ सुंदर म्हणून पाहिला तो उरला नाही, आणि पाहणाऱ्याला पाहता यावे म्हणून ज्यांनी भाकर दिली त्यांची चूलही उरली नाही. सौंदर्याला मोबदला नसतो, हे खरे. भाकरीचे तसे नाही. परिक्रमावासी यजमानाचे ऋण मानतो, कारण त्याच्या नियमांतच परावलंबन आहे. तिकीट काढून नावेत बसणाऱ्याला ते पैशांत फेडल्यासारखे वाटते.

मग लेखकाने ते कसे फेडावे? वर्णन ही नुकसानभरपाई नव्हे. उलट बुडालेल्या गावाचे फार देखणे वर्णन वाचकाला हळहळीचे सुख देऊन मोकळे करते, हा धोका प्रवासवर्णनाला कायमचा आहे. वेगड त्यातून सुटतात ते त्यांच्या हलक्याफुलक्या, थट्टेखोर शैलीमुळे. ते विलाप करीत नाहीत. कोणी आसरा दिला, काय खाऊ घातले, वाट कोठे चुकली, हे सांगत राहतात. हा तपशील वाङ्मयीन गुण म्हणून वाखाणला जातो. त्याला पोचपावती म्हणणे अधिक योग्य होईल. जबलपूर ते मंडला हा जुना काठ आता त्या पानांतच चालता येतो. परिक्रमावासी जलाशयाला लांबचा वळसा घालतात आणि वाटेतल्या गावांत शिधा मागतात.