अलंकार म्हणजे ‘पुरे’

सज्जनहो, आज निरूपणास अभंग घेतलेला नाही. एक लहानसे संस्कृत अव्यय घेतले आहे : ‘अलम्’. ‘अलंकार’ या शब्दाच्या पोटात तेच आहे. अमरकोशात त्याचे चार अर्थ सांगितले आहेत : भूषण, पुरेसेपणा, सामर्थ्य आणि निवारण. पाठशाळेत हे घोकून पाठ केले; पण त्याचा उलगडा साठी ओलांडल्यावर हुपरीस झाला.

हुपरी म्हणजे चांदीचे गाव. येथे घरोघर पैंजण घडतात. एका घरी तार ओढतात, दुसऱ्या घरी मायबहिणी कडीला कडी जोडतात, तिसऱ्या घरी माल उजळतात. चांदी बहुधा शेठची, कारागिराची ती मजुरी. २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाख रुपयांच्या वर गेला. म्हणून जोडकाम करणाऱ्याच्या भिंती काही चांदीच्या झाल्या नाहीत. वजन करून आलेला माल वजन करूनच परत द्यावा लागतो.

अशाच एका घरचा माळकरी कीर्तन आटोपल्यावर जवळ आला. म्हणाला, “बुवा, थोरलीला बघायला पाव्हणं यायचं हाईत. भिंतीचा रंग गेलाय, बसायला धड खुर्ची न्हाई. व्याजानं पैसं काढून सोफा आणावा म्हणतो. आन् सोप्यातली आईची बाज तेवढी परसातल्या छपरात हलवतो. एका दिसाचा तर परश्न हाय.”

शेवटचे वाक्य तो खाली मान घालून बोलला. मी म्हटले, “अरे बाबा, सोफ्याचे मागाहून पाहू. बाज आहे तिथे राहू दे.” मग त्याला ‘अलम्’ सांगितले, तेच आपणांस सांगतो.

भूषण शेवटी घेऊ. आधी पुरेसेपणा. घरात काय नाही हे मोजण्यापूर्वी काय आहे ते पाहावे. चुना विझवून, गाळून, त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घातली की भिंत हसू लागते. चिंचेने घासलेले तांबे-पितळ फळीवर ओळीने मांडले, दारी सडा-रांगोळी झाली, चौकटीस आंब्याचा टाळा लागला, तुळशीपुढे दिवा लागला, की घर सजले. यास पैका थोडा लागतो, हात फार लागतात.

दुसरा अर्थ सामर्थ्य, म्हणजे ऐपत. तुकोबारायांनी लोकांची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण डोळे पुसत ऐकतो. आणि घरी जाऊन नवे खत लिहून देतो! हे मी दुसऱ्यालाच सांगतो असे नव्हे. माझ्या मुलीच्या वेळी मीही कर्ज काढून खुर्च्या आणल्या होत्या. खुर्च्या मोडल्या, हप्ते मोडेनात. पाहुण्यांनी त्या खुर्च्यांचे नावही काढले नव्हते.

तिसरा अर्थ निवारण, ‘नको’ म्हणणे. परंतु निवारण कशाचे? व्याजाचे, देखाव्याचे. जन्मदात्या आईचे नव्हे! देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. पाहुणा थोर म्हणून त्याने आईबापांना आड केले नाही, की उसना पाट आणायला तो धावला नाही. हाताशी वीट होती, ती पुढे टाकली. देव त्या विटेवर उभा राहिला, तो अजून उभाच आहे. सज्जनहो, याहून स्वस्त आसन कोणते? आणि याहून मोठा पाहुणा कोणता?

हे तीन साधले की चौथा अर्थ, भूषण, आपण होऊन येतो.

त्या घरी पाहुणे आले त्या दिवशी बाज सोप्यातच होती. तिच्यावर धुतलेली वाकळ अंथरलेली. पाहुण्यांतले एक वृद्ध त्या बाजेच्या काठावरच टेकले आणि म्हातारीशी वारीच्या गोष्टी बोलत बसले. सोयरीक जुळली की नाही हे विचारू नका. ते ज्याच्या त्याच्या प्रारब्धाचे. पण म्हातारी सोप्यात राहिली आणि घरावर नवे कर्ज झाले नाही, एवढे मी पाहिले.

हुपरीकरांना अधिक काय सांगावे? हा देह, हे घर, सगळा त्या पंढरीच्या शेठचा माल आहे. एक दिवस तो काट्यावर घालून परत द्यावयाचा आहे. त्यात भिंतीचा रंग तोलला जात नाही. बाज कुठे होती, ते तोलले जाते.

रामकृष्णहरि.