वीणा आणि भाला

शास्त्रभाग : १ शमुवेल १६:१४-२३, १८:१०-११, मत्तय ९:२३-२५



शौल राजा बेचैन झाला म्हणजे दाविदाने वीणा वाजवावी आणि राजाला बरे वाटावे, ही कथा आपल्याला शब्बाथशाळेपासून ठाऊक आहे. संगीतावर उपदेश करायचा म्हटला की आम्ही पाळकमंडळी हाच अध्याय उघडतो. परंतु दोनच अध्याय पुढे जावे. तोच राजा, तोच वादक, तीच वीणा. आणि राजाच्या हातून भाला सुटतो. दाविदाला दोनदा निसटावे लागले. त्या दिवशी शौलाच्या मनात मत्सर होता, हे खरे. तरी एवढे त्यातून निघतेच की शांती वीणेच्या तारांत साठवलेली नसते. ऐकणाऱ्याची त्या घडीची अवस्था पाहिल्यावाचून कोणते संगीत शांत, हे ठरत नाही.

हे आम्हांला एका नऊ वर्षांच्या मुलाने शिकवले. तो आमच्याच मंडळीतला. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. (शौलाच्या दुरात्म्याशी अशा लेकरांचा संबंध कोणी जोडू नये. तसे बोलणारे आम्ही ऐकले आहेत, म्हणून लिहितो.) पहिले गीत सुरू झाले की तो कान दाबून ओरडे. आई त्याला घेऊन व्हरांड्यात जाई आणि आशीर्वादापर्यंत तेथेच बसे. असे दोन वर्षे चालले. एकदा आम्हीच तिला म्हणालो, "बाई, थोडी शिस्त लावा." ती म्हणाली, "पाळकसाहेब, तो हट्टी नाही हो. त्याला ते दुखतं."

हा शब्द तिने जपून वापरला होता. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. तीत आवाज, प्रकाश, स्पर्श यांना काहींचा प्रतिसाद फार तीव्र, तर काहींचा फार मंद असतो, ही गोष्ट ऑटिझमच्या लक्षणांत नोंदली आहे. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ऑटिझमचा समावेश आहे. शिवाय हा प्रश्न एवढ्याच मुलांचा नाही. अर्धशिशीने त्रासलेल्या भगिनी, डोक्याला मार लागून उठलेले बंधू, कानात यंत्र घालणारे आजोबा यांनाही मोठा आवाज सोसत नाही. त्यांच्यापैकी कितीजण मुकाट्याने मागच्या बाकावर सरकले, ते आम्ही मोजलेच नाही.

मत्तय सांगतो की अधिकाऱ्याच्या घरी पावा वाजवणारे आणि गलबला करणारा समुदाय जमला होता. प्रभूने आधी त्यांना बाहेर काढले आणि मग मुलीचा हात धरला. आम्ही दोन वर्षे लेकराला बाहेर बसवले आणि पावा वाजवणाऱ्यांना आत ठेवले.

हे उमगल्यावर आम्हांला उत्साह आला, आणि उत्साहात पुन्हा चूक झाली. कोणी तरी बासरीची, मधूनमधून पक्षी बोलणारी ध्वनिफीत आणली. आम्हांला ती फार गोड वाटली. मुलगा मात्र बाकाखाली शिरला. तेव्हा कुठे आम्ही त्याच्या आईजवळ बसून विचारले. तिने सांगितले की त्याला तबल्याचे काही वाटत नाही. उंच, टोकदार स्वर त्याला बोचतात. ध्वनिक्षेपकाची मध्येच निघणारी शिट्टी आणि न सांगता पडणाऱ्या टाळ्या तर मुळीच सोसत नाहीत. घरी जात्यावरच्या ओवीसारखे एकाच चालीत गुणगुणले तर तो स्वतःहून जवळ येतो. सगळी मुले अशीच असतील असे नाही. दुसऱ्या एखाद्याला तबलाच नको असेल आणि बासरी हवी असेल. म्हणून प्रथम विचारावे.

तरीही काही गोष्टी पुष्कळांना मानवतात. लय मिनिटाला साठ ते ऐंशी ठोक्यांची, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या नाडीजवळची असावी. एकच कंठ आणि एखादे वाद्य पुरते. आवाज एकदम चढू नये. चाल ओळखीची असावी आणि गीतांचा क्रम आधी कळवावा. पुढे काय येणार हे ठाऊक असले की अर्धी भीती जाते. साधे बोलणे सुमारे साठ डेसिबलचे असते, आणि दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते. पन्नास माणसांच्या उपासनागृहात दोन मोठे कर्णे कोणासाठी लावले आहेत, हे पंचांनी एकदा एकमेकांना विचारावे. कोणी कानांवर झाकणे घालून बसले तर तो देवाचा अनादर समजू नये.

आपल्याजवळ यासाठी नवे काही आणायलाही नको. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) आपल्याला भजने दिली ती अभंग-ओवीच्या वळणाची. ती पेटीच्या एका स्वरावर, विजेवाचून गाता येतात. ती ड्रमच्या तालावर बसवण्याची घाई आम्हीच केली.

आमच्या तरुण गायकवृंदाने स्तोत्र १५० मधील मोठ्या आवाजाच्या झांजा आम्हांला दाखवल्या. त्या तेथे आहेतच आणि सणाला आम्ही त्या वाजवू. परंतु महिन्यातील दुसऱ्या रविवारी ध्वनिक्षेपक बंद असतो. वादविवाद झाला, दोन वडील रुसले, एक अजून रुसलेले आहेत.

पहिल्या अशा रविवारी त्या आईने दारातूनच विचारले, "आत बसू का?" ते दोघे शेवटच्या बाकावर बसले. दुसऱ्या गीतानंतर तो उठून बाहेर गेला, आणि थोड्या वेळाने, कोणी न बोलावता, परत आला. आता ते तिसऱ्या बाकावर बसतात. पेटी वाजवणारे आमचे बंधू भाता ओढण्यापूर्वी एकदा तिकडे पाहतात. त्याचे हात कानांवर असले तर ते थांबतात, आणि आम्हीही थांबतो.