कागदी हिमकणाचे हात किती?

डिसेंबर लागला की अमेरिकेत घरीच शिकणाऱ्या मुलांच्या जेवणाच्या टेबलावर कात्र्या आणि पांढरे कागद येतात. घडी घालायची, कडा कातरायच्या, उलगडायचं आणि ‘हिमकण’ म्हणून खिडकीला चिकटवायचं. नाताळच्या आठवड्यात हे हिमकण मुंबई-पुण्यातही दिसतात, जिथे बर्फ असतो तो फक्त फ्रीजरमध्ये. गंमत अशी, की यातले बरेचसे साफ चुकलेले असतात.

कागद निम्मा, पुन्हा निम्मा करत गेलं की थर वाढतात दोन, चार, आठ असे. त्यामुळे उलगडल्यावर हात निघतात चार, नाहीतर आठ. खऱ्या हिमकणाला असतात सहा. सहा हवे तर कागद एकदा निम्मा करून पुढची घडी तीन सारख्या भागांची घालावी लागते, आणि मग एकदा निम्मी. मूल अडतं ते या मधल्या घडीपाशी. निम्मं करणं सोपं. कडेला कड जुळली की झालं. तीन भाग करताना मात्र 180 अंशांतून साठ-साठ अंश नजरेनं जोखावे लागतात. एक भाग मोठा झाला की दुसरा तोकडा पडतो, कागद उघडून पुन्हा पहिल्यापासून. कोनमापक घेऊन सोडवलेल्या पाच उदाहरणांपेक्षा या झटापटीत भूमिती जास्त मुरते.

सुट्टीतले ‘सणासुदीचे उपक्रम’ म्हणून जे मुलांपुढे येतं, ते पुष्कळदा याच्या नेमकं उलट असतं. सांताच्या पोतडीत नऊ खेळणी होती, चार वाटली, उरली किती? ही तीच जुनी वजाबाकी, फक्त लाल टोपी घातलेली. मुलं ते लगेच ओळखतात. सांताच्या जागी गणपती आणि खेळण्यांच्या जागी मोदक घातले, तरी गणिताचं काही अडत नाही. कागदाच्या घडीत मात्र सण आणि गणित वेगळे काढताच येत नाहीत, आणि घडी चुकली हे सांगायला मोठं माणूस लागत नाही.

सहाच का, हा प्रश्नही सणाच्या निमित्तानेच एकदा गांभीर्यानं विचारला गेला. योहान्नेस केप्लरनं 1611 साली आपल्या एका आश्रयदात्याला नव्या वर्षाची भेट म्हणून छोटी पुस्तिका लिहून दिली. विषय होता सहा टोकांचा हिमकण. विचार करता करता तो गोळे दाटीवाटीनं कसे रचावेत इथवर पोचला. फळवाला संत्र्यांचा ढीग रचतो तीच रचना सर्वांत दाट, असं त्यानं मांडलं. त्याची सिद्धता टॉमस हेल्स यांनी मांडली ती थेट 1998 मध्ये. घरात हा धडा रुपयाच्या सारख्या नाण्यांवर होतो. मध्ये एक, भोवती अगदी चिकटून सहा. सातवं घुसवायला जागाच उरत नाही. हिमकणाचं कोडं मात्र केप्लरला पुरतं सुटलं नाही. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, हे क्ष-किरणांनी दाखवलं ते विसाव्या शतकात.

तोवर विल्सन बेंटलीनं हिमकण जगाला जवळून दाखवले होते, आणि तो घरीच शिकलेला होता. व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. आई पूर्वी शिक्षिका होती; चौदाव्या वर्षापर्यंत तिनंच त्याला शिकवलं. सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर तो बर्फाची चित्रं काढू लागला, पण चित्र पुरं व्हायच्या आत कण विरघळून जायचा. शेवटी 15 जानेवारी 1885 रोजी, एकोणिसाव्या वर्षी, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्यानं पहिला फोटो मिळवला. आयुष्यभरात असे पाच हजारांहून जास्त फोटो झाले. मुलानं आठ हातांचा हिमकण कातरला, तर लगेच दुरुस्त करू नये. बेंटलीचा एखादा फोटो शेजारी लावावा आणि मोजणी त्याच्यावर सोडावी. कदाचित तो मोजणारही नाही.

नाताळातलं विज्ञान हिमकणापाशीच थांबत नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होतात. तिथे मायकेल फॅरेडेनं 1860 च्या नाताळात अख्खी व्याख्यानमाला एका मेणबत्तीवर दिली. मेणबत्ती फुंकली की वातीतून पांढरी धुराची रेघ वर जाते. त्या रेघेला जरा वर पेटती काडी लावली की ज्योत धुरावरून खाली उतरून वात पुन्हा पेटते. मेणाची वाफ जळते, हे इथे दिसतं. मोठं कुणी शेजारी असेल, तर हे कुठल्याही स्वयंपाकघरात करता येतं.

हे सगळं वाचून उत्साही पालकांना एक मोह होतो: प्रत्येक गोष्टीचा पाठ करण्याचा. घरीच शिकणाऱ्या मुलाला तो जास्त जाचतो, कारण घर हीच शाळा असल्यामुळे त्याची सुट्टी नेमकी कुठून सुरू होते हे त्यालाही कळत नाही. नाताळचा केक करताना मैदा मापावाच लागतो. वर अपूर्णांकाचे तोंडी प्रश्न कशाला? केक बसला, तर तो का बसला हे मूल आपणहून विचारतं, आणि बहुतेक वेळा तोंडात घास असतानाच.