दवग्गिदावणया

प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांची नावं घेताना ‘दवग्गिदावणया’ आलं, की लहानपणी मला हसू यायचं. रानाला आग लावायचा धंदा कोण श्रावक करणार? पुढे बैहरच्या रस्त्याला चैतात मोहाखाली धुमसणारा पाला पाहिला. फुलं वेचायला जमीन साफ हवी, म्हणून पेटवलेला. आगीनंतर तेंदूलाही कोवळं पान फुटतं. आणि आमच्या बालाघाटात तेंदूपत्त्यावर किती घरं उभी राहिली, हे का सांगायला हवं? त्यांत आमचंही आहे.

इथले बैगा बेवर करायचे. झाडं तोडून वाळवायची, पावसाच्या तोंडावर जाळायची, राखेत कोदो-कुटकी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा सोडायची. नांगर नको, धरणीमातेची छाती फाटते. गंमत अशी की त्याच पंधरांत ‘फोडीकम्मे’, म्हणजे जमीन फोडणंही आहे. बैगानं एक टाळलं, दुसरं केलं. नांगरलेल्या बांधीतला भात खाऊन मी त्याला पापी कसं म्हणू?

इंग्रजांनी १८६० नंतर जंगल आगीपासून जपायला घेतलं, पुढे बेवर बंद केलं. मंडल्यात तेवढं बैगाचक राखलं. आग थांबली की जंगल वाढेल, हिशेब सरळ होता. साल त्यात बसेना. त्याचं बी पावसाच्या सुरुवातीला पडतं नि आठवडाभरात निकामी होतं. खाली पाल्याचा जाड थर असला तर मातीला पोचतच नाही. बंगाल-आसामच्या ओलसर सालवनांत आग बंद झाल्यावर नवी रोपंच दिसेनात, तेव्हा वनखात्यालाच बेतानं जाळ घालावा लागला. उलट दरवर्षी आग फिरली, तर रोप वरून जळतं, मुळाशी जगतं, पुन्हा फुटतं, पुन्हा जळतं. वर्षानुवर्षं गुडघ्याएवढंच.

मग अग्निकाय, वनस्पतिकाय, पाल्यातले किडे, सगळ्यांची हिंसा धरूनही जाळ घालणं कधी योग्य ठरतं का?

ज्ञाताधर्मकथेतला मेघकुमाराच्या पूर्वभवीचा हत्ती आठवतो. पायाखाली ससा येऊन बसला म्हणून अडीच दिवस पाय अधांतरी धरणारा. प्रवचनात ससाच सांगतात. पण वणव्यातून वाचण्यासाठी त्यानं आधी मोठं मंडल मोकळं केलं होतं, झाडंझुडपं, गवत उपटून. तेवढी जागा नसती तर ससा आलाच कुठून असता? आपल्या वनखात्याची जाळरेषा म्हणजे तेच मंडल. उन्हाळ्याआधी मजूर ती साफ करतात, तिथला पाला जाळतात. त्यांना मी दोष देणार नाही. यतनेनं लावलेली आग आणि चार पानं जास्त मिळावीत म्हणून सोडून दिलेली आग, एका नावाखाली मोजता येत नाही.

आता ते नाव आलं, की मोह वेचणारी बाई नाही, आमच्या गोदामातली पोती दिसतात.